मीठ नक्की कुठल्या घरातलं, कुठल्या बरणीतलं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा पाचवा राउंड (२०१९-२१) म्हणतो देशातली ९४ टक्के घरं आयोडीनयुक्त मीठ वापरतात. त्याच्या थोडंसंच आधी झालेलं २०१८-१९ चं भारत आयोडीन सर्वेक्षण म्हणतं की पुरेसं आयोडीन असलेलं मीठ ७६.३ टक्के घरांत आहे. दरवर्षी २१ ऑक्टोबरला आयोडीन दिन आला की यातला एक आकडा एका पोस्टरवर असतो आणि दुसरा दुसऱ्यावर, आणि मग आमच्या पीएसएम म्हणजे सामाजिक आरोग्याच्या डिपार्टमेंटमधलं कोणीतरी मला येऊन विचारतं की सर, यातला खरा कुठला. मी डॉक्टर नाही, आकडेमोडवाला माणूस आहे, थिसिसवाल्या पोरापोरींना सॅम्पल साइज काढून देणं हे माझं काम, त्यामुळे माझं उत्तर कोणाला आवडत नाही. दोन्ही खरे आहेत. पहिल्यात मिठात आयोडीन आहे का नाही एवढंच किटवर बघितलंय, दुसऱ्यात लॅबमध्ये मोजून १५ पीपीएम (म्हणजे एका ग्रॅम मिठात १५ मायक्रोग्रॅम आयोडीन) किंवा जास्त असेल तरच धरलंय. आणि गंमत म्हणजे त्याच दुसऱ्या सर्वेक्षणात "थोडं का होईना आयोडीन आहे" अशी घरं ९२.४ टक्के आहेत, म्हणजे प्रश्न तोच विचारला तर उत्तरही जवळपास तेच येतं.

हा १५ आकडा कुठून आला तर साधं आहे, मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं आणि आपण दिवसाला १० ग्रॅमच्या आसपास मीठ खातो (खाऊ नये, पण खातो), म्हणजे एका ग्रॅमला १५. कारखान्यात ३० टाकायचं आणि वाटेत, दुकानात, घरात जे उडेल ते उडून १५ उरायला पाहिजे असा जुना हिशोब.

किट विरुद्ध टायट्रेशन (म्हणजे लॅबमधलं मोजमाप) हा वाद मी इथं लांबवत नाही, तो बऱ्यापैकी मिटलेला आहे. किटमध्ये मिठावर एक थेंब टाकायचा, जांभळा-निळा रंग आला की आयोडीन आहे, रंगाचा चार्ट सोबत असतो त्यावर ०, ७, १५, ३० असे चौकोन असतात पण ७ आणि १५ मधला फरक दोन माणसांना सारखा दिसेल याची काही खात्री नाही, त्यात एक जण ओसरीवर उन्हात उभा आणि दुसरा स्वयंपाकघरात ट्यूबलाइटखाली. म्हणून किट फक्त हो-नाही पुरतं वापरायचं. टायट्रेशनमध्ये १० ग्रॅम मीठ पाण्यात विरघळवून आम्ल आणि पोटॅशियम आयोडाइड घालायचं, दहा मिनिटं अंधारात ठेवायचं आणि मग ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या काचनळीतून, थेंबथेंब थायोसल्फेट सोडत बसायचं, ०.००५ नॉर्मलचं द्रावण असेल तर जेवढे मिली लागले त्याला १०.५८ ने गुणलं की पीपीएम. म्हणजे १५ पीपीएमला सगळे मिळून जेमतेम १.४ मिली लागतात. एक-दोन थेंब इकडचे तिकडे झाले तरी पास-नापास बदलू शकतो, हे लक्षात ठेवा, पण तरीही किटपेक्षा हे कितीतरी बरं.

मला बोलायचंय ते याच्या आधीच्या पायरीबद्दल. लॅबमधल्या ब्युरेटवर लोक तासतास बोलतात आणि ते मीठ लॅबपर्यंत आलं कुठून, कोणी कुठल्या घरातनं कुठल्या बरणीतनं उचललं, यावर थिसिसमध्ये अर्धी ओळ असते, "सॅम्पल्स वेअर कलेक्टेड". माझ्या मते निकाल जास्तीत जास्त बिघडतो तो इथं.

बरणीपासूनच सुरू करू. रायगडातल्या खाडीकाठच्या गावात गेलात तर एका घरात एक मीठ नसतंच. भाजी-आमटीला पिशवीतलं बारीक मीठ, लोणच्याला आणि मासे खारवायला खडा मीठ, बऱ्याचदा जवळच्याच मिठागरातलं, आणि उपासाला शेंदेलोण. काही घरांत खडा मीठच पाण्यात विरघळवून रोजच्या स्वयंपाकालाही वापरतात कारण त्यांना त्याची चव बरी वाटते. आता तुम्ही दारात उभं राहून "ताई, मीठ दाखवा" म्हणालात की काय येणार? पिशवीतलं. पांढरंशुभ्र, कोरडं, ब्रँडचं नाव दिसेल असं धरून. सरकारी माणूस आलाय म्हटल्यावर खडा मीठ कोण दाखवतंय, त्यात २००६ पासून बिगर-आयोडीन मीठ खाण्यासाठी विकायला बंदी आहे हे अर्ध्या गावाला ऐकून माहीत असतं. म्हणून प्रश्न असा विचारायचा की काल रात्रीचं जेवण ज्या मिठात केलं ते मीठ द्या. एवढ्याशा बदलानं दुसरीच बरणी बाहेर येते. फक्त आदल्या दिवशी एकादशी नव्हती ना ते कॅलेंडरात बघून जा.

मग बरणीतही वरचं मीठ घ्यायचं का तळाचं. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, पोटॅशियम आयोडेट त्या पाण्यात विरघळून खाली उतरतं, गोणी असेल तर त्यातनं बाहेरच झिरपून जातं. बरणीत ते बाहेर जात नाही पण खालीवर होतं. त्यामुळे चमचा घालून आधी सगळं हलवायचं आणि मग २० ग्रॅमच्या पुढे, खडा असेल तर ५० ग्रॅम घ्यायचं आणि झिपवाल्या पिशवीत बंद करायचं. खड्याच्या मिठात आयोडीन खड्याच्या अंगाला लागलेलं असतं, सगळीकडे सारखं नसतं, त्यामुळे चार खडे उचलून १० ग्रॅम केले तर आकडा काहीही येईल. त्यापेक्षा ५० ग्रॅमच्या ५० ग्रॅम पाण्यात विरघळवून सगळं मिळून २५० मिली करा आणि त्यातलं ५० मिली घ्या, तेच १० ग्रॅम होतात पण सरासरीचे. आमचा लॅबवाला याला कंटाळतो कारण काचसामान जास्त लागतं. लागू दे.

आता घर कुठलं. पूर्वी लसीकरणाच्या सर्वेक्षणात एक पद्धत होती, अजूनही बरेच जण तीच वापरतात: गावाच्या मध्यावर जायचं, पेन फिरवायचं, टोक जिकडे त्या दिशेनं चालायला लागायचं आणि ओळीनं घरं घ्यायची. आपल्या गावांत मध्य म्हणजे काय, तर देऊळ, चावडी, ग्रामपंचायत, किराण्याचं मोठं दुकान. तिथून ओळीनं घरं घेतली की पक्की, रस्त्यालगतची, दुकानाला चिकटलेली घरं येतात आणि वाड्या-वस्त्या, ठाकरवाडी, गावाबाहेरचा पाडा यांचा नंबरच लागत नाही, आणि सुटं स्वस्त मीठ असण्याची शक्यता तिथंच जास्त. पेन फिरवलं म्हणजे रँडम झालं असं नसतं हो. वाड्यांसकट यादी करा, गाव मोठं असेल तर त्याचे साधारण सारख्या घरांचे तुकडे पाडा, चिठ्ठीनं एक तुकडा काढा आणि मग त्यातली घरं यादीवरून निवडा. वेळ जातो, पण तो वेळ तिथंच घालवण्यासारखा आहे.

आणि घर निवडलं तरी मीठ मिळेलच असं नाही. शेतीच्या दिवसांत सकाळी घराला कुलूप, म्हणून आमचे इंटर्न संध्याकाळी गेले. एका घरी आजी जोत्यावर बसलेल्या, त्यांनी सगळी माहिती दिली, पाणी दिलं, चहाला बसा म्हणाल्या, आणि मिठाचं नाव काढल्याबरोबर म्हणाल्या, "दिवा लागला ना रे, आता मीठ नाय देत कुणाला. सकाळी ये." पोरगा पुण्याचा, त्याला काही कळेना, त्यानं फॉर्मवर लिहिलं "रिफ्यूज्ड". तिन्हीसांजेला मीठ द्यायचं नाही आणि एरवीही कोणाच्या हातावर द्यायचं नाही हे ज्याच्या घरात पाळतात त्याला हे कळतं. आता आम्ही सूचनाच देतो की दिवेलागणीच्या आत जायचं, पिशवी हातात धरायची नाही, वाटी जमिनीवर ठेवायची आणि त्यांनाच त्यात मीठ घालायला सांगायचं. संध्याकाळीच जावं लागलं तर मीठ मागायचंच नाही, त्यांच्याच बरणीजवळ बसून किट करायचं आणि पिशवीसाठी सकाळी माणूस पाठवायचा. जी घरं जुनं पाळतात तीच घरं रिकामी राहिली तर तेही एक प्रकारचं पक्षपाती सॅम्पलच झालं की.

यानंतरचा मुद्दा माझा आवडता, म्हणून जरा सविस्तर. गावं किती आणि प्रत्येक गावात घरं किती?

आयोडीनच्या कामात "३० गुणिले ३०" हा मंत्र झालाय. ३० क्लस्टर (म्हणजे गावं किंवा वस्त्या) लोकसंख्येच्या प्रमाणात निवडायचे, प्रत्येकात ३०, झाले ९००. त्याचा थोरला भाऊ म्हणजे लसीकरणाचा ३० गुणिले ७, त्यात २१० मुलं येतात आणि तिथं एकाच गावातली मुलं एकमेकांसारखी असतात म्हणून सॅम्पल दुप्पट घ्या असा अंदाज धरलेला होता. मिठाला तो अंदाज चालत नाही. का, तर एका गावात मीठ येतं ते दोन-तीन दुकानांतून, त्या दुकानांत येतं एकाच ठोक व्यापाऱ्याकडनं, आणि त्याच्याकडे आलेली गाडी एकाच कारखान्यातली. देशातलं तीन चतुर्थांशाहून जास्त मीठ गुजरातेतनं येतं, पण एका गावात एका महिन्यात येतं ते गुजरातेतल्या एखाद-दोन ठिकाणांहून. त्यामुळे गावातलं पाचवं घर तपासलं तेव्हाच विसाव्या घराचं उत्तर बऱ्यापैकी माहीत झालेलं असतं.

हिशोब करून बघा. गावातल्या घरांमधलं साम्य समजा ०.२ धरलं (० म्हणजे काहीच साम्य नाही, १ म्हणजे सगळी घरं एकसारखी; मिठासाठी ०.२ अजिबात अचाट नाही). या साम्यामुळे सॅम्पल किती पट घ्यावं लागतं तो डिझाइन इफेक्ट, तो म्हणजे १ अधिक (गावातली घरं उणे १) गुणिले ०.२. गावात ३० घरं घेतली तर १ + २९ × ०.२ = ६.८. म्हणजे ९०० घरं फिरलात, पण माहिती मिळाली ९०० भागिले ६.८, साधारण १३२ घरांएवढी. तेच गावात फक्त १० घरं घेतली तर इफेक्ट २.८, आणि ६० गावं घेतली तर घरं ६०० च, पण माहिती २१४ घरांची. ३०० घरं कमी फिरून जास्त माहिती! टक्केवारीत सांगायचं तर पहिल्यात अंदाज साडेआठ टक्के इकडे-तिकडे, दुसऱ्यात पावणेसातच्या आत. हे मी फळ्यावर काढून दाखवलं की सगळे माना डोलावतात आणि मग प्रोटोकॉलमध्ये ३० गुणिले ३० च लिहितात, कारण गाइड म्हणतात तसं छापलेलं आहे. दुसरं कारण जीपचं आहे, ते मात्र खरं आहे, ६० गावं म्हणजे डिझेल दुप्पट. तरी मी म्हणेन ४५ गावं आणि १० घरं करा, पण एका गावात ३० घरं करू नका, ती वरची २० घरं म्हणजे नुसती दमणूक आहे.

स्वस्तात व्हावं म्हणून दुसरा रस्ता म्हणजे शाळा. आयोडीनच्या सर्वेक्षणात ६ ते १२ वर्षांच्या मुलांचा गलगंड तपासतात, लघवीचा नमुना घेतात (पोटात आयोडीन किती गेलं ते त्यावरून कळतं), त्यामुळे "उद्या येताना घरनं चमचाभर मीठ आणा" सांगणं सोपं पडतं आणि सोपं आहे म्हणून बरेच जण तेच करतात. पण दुसऱ्या दिवशी वर्गात काय होतं ते बघण्यासारखं असतं. निम्म्या पुड्या वर्तमानपत्रात बांधलेल्या आणि ओल्या, काहींच्या आयांनी शाळेत न्यायचं म्हणून नवीन पिशवी फोडून मीठ दिलेलं, आणि जी पोरं विसरली त्यांनी शेजारच्याच्या पुडीतलं अर्धं घेऊन आपली पुडी केलेली. लॅबमध्ये दोन सॅम्पलचा आकडा दशांशापर्यंत सारखा आला की आम्हाला कळतं की हे दोघं एका बाकावर बसतात.

गंमत सोडा, पण शाळेत न येणारं पोर यात दिसत नाही हा मोठा प्रश्न आहे. बीडकडे दिवाळीच्या सुमाराला गेलात तर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची पोरं पटावर असतात आणि वर्गात नसतात, आणि त्या कुटुंबाचं मीठ कारखान्याच्या फडावर, कोपीतल्या डब्यात असतं. आश्रमशाळेत तर उलटाच प्रकार, पोरं सगळी हजर पण मीठ सगळ्यांचं एकाच कोठीतल्या एकाच गोणीचं. तिथं ३० पोरांकडून ३० नमुने घेतलेत तर तुम्ही एक गोणी ३० वेळा तपासली. आश्रमशाळा यादीत असेल तर कोठीतला एकच नमुना घ्या आणि घरांसाठी पाड्यावर जा. एवढी काळजी घेतली तर शाळेचा मार्ग वाईट नाही, विशेषतः लघवीचे नमुने पण त्याच मुलांचे घेणार असाल तर मीठ आणि लघवी जोडून बघता येते, हे घरोघरी फिरून फार महागात पडतं.

दुकानातून नमुने घेणं मी यात धरतच नाही. बाजारात काय विकलं जातंय, कुठला ब्रँड कमी भरतोय हे दुकानातनं कळतं, कारवाई करायची तर तिथंच जायला पाहिजे. पण दुकानात चार ब्रँड असले म्हणून गाव चारही सारखेच खातं असं नाही, बाहेर पावसात ठेवलेली खडा मिठाची एक गोणी (ती कोणी चोरत नाही म्हणून बाहेरच असते) निम्म्या गावाच्या घरात जात असते.

आता समजा तुम्हाला टक्केवारी नकोच आहे, तालुक्यातल्या पाच आरोग्य केंद्रांपैकी कुठलं ढिलं आहे एवढंच हवंय. त्याला एलक्यूएएस म्हणजे लॉट क्वालिटी पद्धत आहे, १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये डॉज आणि रोमिग यांनी कारखान्यातला माल तपासायला काढली, नंतर आरोग्यवाल्यांनी उचलली. प्रत्येक केंद्राच्या हद्दीतली फक्त १९ घरं घ्यायची. ध्येय ८० टक्क्यांचं असेल तर १९ पैकी १३ किंवा जास्त घरांत मीठ ठीक असलं की पास, नाहीतर नापास. हे १३ हवेतनं आलेलं नाही: खरोखर ८० टक्के घरं ठीक असतील तर पास व्हायची शक्यता ९३ टक्के, आणि खरोखर ५० च टक्के असतील तर चुकून पास व्हायची शक्यता साधारण ८ टक्के. मधल्या ६५ टक्क्यांवर मात्र जवळपास छापा-काटा. पाचही केंद्रांची मिळून ९५ घरं एकत्र केली की तालुक्याचा ढोबळ आकडा पण निघतो. मला ही पद्धत आवडते, कारण तालुका आरोग्य अधिकाऱ्याला दशांश नको असतो, कुठं जायचं ते हवं असतं. फक्त ती १९ घरं हद्दीतल्या वेगवेगळ्या गावांतली पाहिजेत. मी बघितलेल्या एका कामात १९ ही घरं एकाच वाडीतली होती कारण तिथं गाडी जाते, त्याला काही अर्थ नाही, एका दुकानाचं मीठ तपासलंत तुम्ही.

एक शॉर्टकट मात्र मी कोणाला करू देत नाही, तो म्हणजे टायट्रेशन वाचवायला पाच घरांचं मीठ एकत्र करून एकच टेस्ट. घरांचे आकडे समजा ३५, ३२, ७, ६ आणि ०. बेरीज ८०, सरासरी १६, पास! पाचातल्या तीन घरांत मीठ पुरेसं नाही आणि रिपोर्टमध्ये सगळं छान. कारखान्यात एका बॅचची सरासरी बघायला एकत्र केलेलं चालतं, घरांची टक्केवारी काढायला नाही.

टायट्रेशन वाचवायचंच असेल तर दोन टप्प्यांत करा. सगळ्या ९०० घरांत किट. समजा ८०० मध्ये रंग आला, १०० मध्ये नाही. न आलेले १०० सगळे लॅबला पाठवा, आलेल्यांपैकी चिठ्ठ्या टाकून २०० पाठवा. समजा २०० पैकी १५० चांगले निघाले आणि १०० पैकी ५. आता इथं हमखास होतं काय, की १५५ भागिले ३०० करून ५२ टक्के लिहून मोकळे होतात. ते २०० हे ८०० चे प्रतिनिधी आहेत ना, म्हणजे १५० चे ६०० होतात, त्यात ५ मिळवा, ६०५ भागिले ९००, ६७ टक्के. ५२ आणि ६७ मध्ये केवढा फरक आहे, आणि लॅबमधल्या कोणीही काहीही चुकलेलं नाही.

राहता राहिल्या आशाताई. जिथं आयोडीनच्या कमतरतेचा जिल्हा म्हणून नोंद आहे तिथं आशाने महिन्याला ५० घरांचं मीठ किटवर तपासायचं आणि त्याचे तिला महिन्याला २५ रुपये, म्हणजे घरामागे अठन्नी. ती आपल्या वाटेवरची, ओळखीची, बाळंतिणीची, लसीकरणाची घरं घेणार, आणि घ्यावीतच, ती काय चिठ्ठ्या टाकत बसणार आहे का. त्या आकड्यांची जिल्ह्याच्या मीटिंगमध्ये टक्केवारी काढून दाखवतात ती मला पटत नाही. पण त्याच वहीत एका महिन्यात एकाच वाडीत सहा-सात घरांत रंग आला नाही असं दिसलं तर ते कुठल्याही सर्वेक्षणाच्या आधी कळलेलं असतं, तेव्हा तिथं सॅम्पलिंगचा विचार न करता सरळ दुकानदाराकडे जाऊन ती गोणी कुठनं आली ते विचारायचं.